क्लासिक कार रॅलीत जुन्या गाड्या नेमक्या कशामुळे बंद पडतात? आणि त्या पुन्हा सुरू कशा होतात?

डिसेंबर १९६८. लंडनहून निघून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचलेली एक रॅली सिडनीच्या उंबरठ्यावर आली होती. एकूण प्रवास सुमारे १०,००० मैलांचा. ल्युसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए या जोडीची सिट्रोएन डीएस सगळ्यांच्या पुढे होती. शेवटची रेषा जेमतेम दीडशे किलोमीटरवर. विजय जवळपास नक्की.

तेवढ्यात नौरा गावाजवळ समोरून एक मिनी आली आणि दोन्ही गाड्यांची समोरासमोर धडक झाली. सिट्रोएनच्या पुढच्या भागाचा चक्काचूर झाला, बियांकी जखमी झाले. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्क यांनी स्वतःचा वेळ मोजत न बसता मदतीसाठी गाडी थांबवली. रॅली जिंकली ती अँड्र्यू कोवान यांच्या हिलमन हंटरने. दिसायला साधी, घरगुती वापराची गाडी. कोवान यांचा सगळा भर गाडी शाबूत ठेवण्यावर होता. ९८ गाड्या निघाल्या होत्या, पोहोचल्या ५६.

ही रॅली झाली तेव्हा त्यातल्या बहुतेक गाड्या नव्या होत्या. आज त्याच गाड्या 'क्लासिक' म्हणून पुन्हा रॅलीत उतरतात आणि तेव्हा जे तुटत होतं, तेच आजही तुटतं. फरक एवढाच, की आता त्या लोखंडाचं वय पन्नास-साठ वर्षांनी वाढलेलं आहे. म्हणून हा प्रश्न समजून घेऊ : क्लासिक रॅलीत गाड्या कशामुळे बंद पडतात, त्यातलं काय रस्त्यावर दुरुस्त होतं आणि कुठे थांबणंच शहाणपणाचं असतं?

क्लासिक रॅली म्हणजे शर्यत का नाही?

रॅली म्हटलं की धुरळा उडवत सुसाट पळणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. क्लासिक गाड्यांच्या बहुतेक रॅली मात्र 'रेग्युलॅरिटी' प्रकारच्या असतात. म्हणजे ठरलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या वेळेत पोहोचायचं. उशीर झाला तर दंडाचे गुण, आणि लवकर पोहोचलात तरी दंडाचे गुण.

समजा, ३० किलोमीटरचा टप्पा आहे आणि सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर दिला आहे. तर तुम्ही बरोबर ४० मिनिटांनी पोहोचायला हवं. शेजारी बसलेला नॅव्हिगेटर घड्याळ, नकाशा आणि अंतरमापक घेऊन सतत हिशेब करत असतो. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर अशा टप्प्यांची सरासरी ताशी ३० मैलांच्या आत ठेवली जाते.

ऐकायला सोपं वाटतं. पण मध्येच गाडी दहा मिनिटं बंद पडली तर? ती दहा मिनिटं भरून काढण्यासाठी चालक पुढे गाडी पळवतो. आधीच दुखावलेली गाडी, अनोळखी रस्ता आणि डोक्यात घड्याळाची टिकटिक. रॅलीत पहिला बिघाड बहुतेकदा गाडीचा असतो, दुसरा माणसाच्या घाईचा. आणि जास्त नुकसान दुसराच करतो.

आता एकेक बिघाड पाहू.

१. गाडी गरम होणं

जुन्या गाड्यांचा सगळ्यात ओळखीचा आजार. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये वर्षानुवर्षांचा क्षार आणि गंज साचलेला असतो. पाणी फिरायला जागा कमी उरते. त्यात चढ, उन्हाळा आणि संथ वाहतूक एकत्र आली की काटा लाल रेषेवर. पहिल्या पिढीतल्या कित्येक गाड्यांना तर वॉटर पंपच नसायचा. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली येतं, एवढ्यावरच इंजिन गार ठेवलं जायचं.

उंचावर आणखी एक पेच असतो. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारं पाणी ५,००० मीटर उंचीवर साधारण ८३ अंशांवरच उकळतं. आज बऱ्याच गाड्यांच्या रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून हे टाळतं. खूप जुन्या गाड्यांना तशी सोय नसते.

याचाच जोडीदार म्हणजे 'व्हेपर लॉक'. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप आणि जवळून जाणारी नळी इतकी तापते की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला असतो, वाफ त्याला ओढता येत नाही. टाकीत पेट्रोल भरपूर, पण कार्बुरेटर कोरडा. गाडी गचके खात बंद पडते.

उपाय जुनाच आहे : बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका आणि थांबा. पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी उसळून तोंड-हात भाजतात. आणि काटा लाल रेषेवर असताना 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणत गाडी दामटली, तर दहा मिनिटांचं काम हेड गॅस्केट जाण्यापर्यंत पोहोचतं.

२. पेट्रोलच्या भानगडी

जुन्या टाकीत तळाशी गंजाचा गाळ असतो. एरवी तो शांत बसलेला असतो. खडबडीत रस्त्यावर गाडी घुसळली की तो फिल्टरमध्ये, तिथून कार्बुरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन अडकतो. त्यामुळे लांब पल्ल्याचे स्पर्धक जास्तीचे फिल्टर बाळगतात आणि काही जण जुनी टाकी आतून साफ करूनच निघतात.

पेट्रोलचा ऑक्टेन कमी असेल तर इंजिन 'ठोकायला' लागतं. म्हणजे मिश्रण ठरलेल्या क्षणाआधी किंवा एकदम पेटतं. हे खूप वेळ चाललं तर पिस्टनला भोकही पडू शकतं. यावर चालक टायमिंग थोडं मागे घेतात. ताकद कमी होते, पण इंजिन वाचतं.

उंचावर हवा विरळ होते, पण कार्बुरेटर पेट्रोल आधीच्याच हिशेबाने सोडत राहतो. मिश्रण घट्ट होतं, काळा धूर येतो, प्लग काजळतात. दर १,००० मीटरला साध्या इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे ५,००० मीटरच्या खिंडीत तुमची गाडी जवळपास अर्ध्या ताकदीवर चालते.

आपल्याकडे आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा शोषून घेतं, आणि त्या काळातले रबरी पाइप, सील आणि कॉर्कचे गॅस्केट त्याचा विचार करून बनवलेलेच नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा गाडी बंद पडण्याचा नव्हे, आग लागण्याचा मामला आहे. म्हणून जुन्या गाडीत पहिल्यांदा काय बदलावं, तर पेट्रोलचे पाइप. आणि हाताला लागेल असा अग्निशामक ठेवावा.

३. ठिणगी गेली, गाडी मेली

इलेक्ट्रॉनिक इग्निशन येण्याआधी ठिणगीचं सगळं काम पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यावर चालायचं. पॉइंटमधली फट कमी-जास्त झाली, कंडेन्सर मेला, रोटरला बारीक चीर गेली, की चालती गाडी दिवा विझावा तशी बंद. त्यात जुन्या वायरींचं आवरण सुकून गळलेलं. नदी ओलांडताना पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये गेलं तर संपलंच.

गंमत म्हणजे हाच बिघाड रस्त्यावर दुरुस्त करायला सगळ्यात सोपा आहे. पॉइंट आणि कंडेन्सर खिशात मावतात, आणि फट नीट करायला एक पातळ पट्टी आणि स्क्रू ड्रायव्हर पुरतो. आजच्या गाडीचा संगणक वाळवंटात बिघडला तर ती लॅपटॉप येईपर्यंत हलत नाही. जुनी गाडी वारंवार बिघडते, पण आपलं दुखणं सांगते.

४. पाटे, चाकं आणि चासी

धातूची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. जुन्या गाडीचे पाटे, शॉक अॅब्सॉर्बरचे कान, इंजिनाचे माउंटिंग, एक्सल हे सगळं कित्येक वर्षं असंच वाकत आलेलं असतं. चीर आत असते, बाहेरून रंग छान असतो. मग खडीच्या रस्त्यावर दिवसभर हादरे बसले की एखादा पाटा तुटतो.

यात स्पर्धक स्वतःच भर घालतात. मध्येच काही लागलं तर असावं म्हणून दोन स्टेपनी, पेट्रोलचे कॅन, हत्यारांची पेटी, डायनॅमो, स्टार्टर, एक्सल असं सगळं गाडीत भरतात. त्या वजनानेच पाटे तुटतात. बिघाडाच्या भीतीने घेतलेलं सामान बिघाडाचं कारण होतं. म्हणून अनुभवी स्पर्धक मोठे भाग कमी नेतात आणि त्याऐवजी तार, वेल्डिंगच्या कांड्या, नट-बोल्ट, पाइपचे क्लॅम्प, एपॉक्सी आणि दोर अशा दहा ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या वस्तू ठेवतात. तुटलेल्या पाट्याखाली लाकडी ठोकळा बांधून जवळच्या वेल्डरपर्यंत पोहोचणं, हा जगभर चालणारा जुगाड आहे.

१९६८ च्या त्याच रॅलीत रॉजर क्लार्क यांची लोटस कॉर्टिना मुंबईत पोहोचली तेव्हा आघाडीवर होती. ऑस्ट्रेलियात तिच्या इंजिनाने दगा दिला. संघातल्या दुसऱ्या कॉर्टिनाचे भाग काढून ते हिला बसवले गेले आणि क्लार्क पुन्हा चढाओढीत आले. मग मागचा डिफरन्शियल गेला. वाटेत भेटलेल्या एका कॉर्टिनाच्या मालकाकडून तो भाग मिळवून त्यांनी गाडी पुढे काढली खरी, पण गेलेला वेळ परत आला नाही. आघाडीवरची गाडी शेवटी दहावी आली.

५. ब्रेक, टायर, स्टिअरिंग : इथे जुगाड नाही

आतापर्यंतचे चारही बिघाड गाडी थांबवतात. हा पाचवा प्रकार गाडी थांबू देत नाही.

जुन्या गाड्यांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, घर्षण कमी होतं, पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओलावा असेल तर ते उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ताकदीनेच आवरायची, हा नियम.

शिवाय या गाड्यांना आजच्यासारखे धक्का शोषणारे भाग नसतात, एअरबॅग नसतात, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला असतो. कित्येकांना मुळात सीटबेल्टही नव्हते. ताशी ६० किलोमीटरची धडक आजच्या गाडीत आणि १९३५ च्या गाडीत सारखी नसते.

याची सगळ्यात कडू आठवण इटलीतल्या 'मिले मिलिया'ची. ब्रेशिया ते रोम आणि परत, अशी सुमारे १,००० मैलांची ही शर्यत १९२७ पासून सार्वजनिक रस्त्यांवर चालायची. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ अल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर फुटला. गाडी प्रचंड वेगात होती. ती रस्ता सोडून कडेच्या गर्दीत घुसली. चालक, सहचालक आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. प्रेक्षकांमध्ये पाच लहान मुलं होती. एंझो फेरारी यांच्यावर खटला चालला, १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. पण त्या रूपातली मिले मिलिया तिथेच संपली.

१९७७ मध्ये ती परत आली, ती रेग्युलॅरिटी रॅली म्हणून. त्याच काळातल्या गाड्या, पण स्पर्धा वेगाची नव्हे, अचूकतेची. लवकर पोहोचल्याबद्दलही दंड का, याचं उत्तर या इतिहासात आहे.

चाक तुटलं तर सुतार शोधा : १९०७ ची गोष्ट

लांब पल्ल्याच्या रॅलींचा उगम मानली जाते ती १९०७ ची पेकिंग ते पॅरिस मोहीम. फ्रान्सच्या 'ल मातँ' या वर्तमानपत्राने आव्हान दिलं आणि १० जून १९०७ रोजी पाच गाड्या पेकिंगहून निघाल्या. रस्ते नव्हते, नकाशे अपुरे होते, पेट्रोल उंटांवरून आधीच पुढे पाठवलेलं होतं.

ऑग्युस्त पोन्स यांची कॉन्टाल ही तीनचाकी गाडी गोबीच्या वाळवंटात अडकली. पेट्रोल संपलं, पाणी संपत आलं. पोन्स आणि त्यांचा जोडीदार तिथल्या भटक्या लोकांमुळे वाचले, गाडी वाळवंटातच राहिली. स्पायकर गाडीचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी तयार करणारा भाग, सैबेरियात बिघडला. तो टॉम्स्क शहरात नेऊन दुरुस्त करून आणावा लागला.

पुढे असलेली इटाला होती प्रिन्स शिपिओने बोर्गेझे यांची. सोबत मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्डी आणि पत्रकार लुइजी बार्झिनी. बैकल सरोवराच्या परिसरात एक कुजका लाकडी पूल गाडीखाली कोसळला आणि इटाला मागच्या बाजूने खाली गेली. माणसं थोडक्यात बचावली. लोकांनी दोर आणि ओंडके लावून गाडी वर ओढली, आणि ती पुन्हा सुरू झाली. पुढे रशियात चाकाचे लाकडी आरे सुकून ढिले पडले आणि चाक मोडलं. सुटं चाक मिळणं शक्यच नव्हतं. एका खेड्यातल्या कारागिराने कुऱ्हाडीच्या मदतीने नवे आरे घडवून ते चाक पुन्हा उभं केलं.

१० ऑगस्टला इटाला पॅरिसला पोहोचली. उरलेल्या तीन गाड्या आल्या त्या वीस दिवसांनी. इटाला आज तुरीनच्या मोटार संग्रहालयात आहे. आणि २०१९ च्या पेकिंग-पॅरिस रॅलीत एका बेल्जियन जोडीने कॉन्टालच्याच नमुन्याची तीनचाकी पॅरिसपर्यंत नेऊन दाखवली. ११२ वर्षं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालं.

गाडी बंद पडली तर स्पर्धेतून बाद?

नेहमी नाही. बहुतेक लांब पल्ल्याच्या रॅलींमध्ये टप्पा चुकला तर मोठा दंड लागतो, पण गाडी दुरुस्त करून पुढच्या मुक्कामी सामील होता येतं. रांगेच्या शेवटी आयोजकांच्या मेकॅनिकची गाडी असते. तीही हरली तर टोचन लावून किंवा ट्रकवर घालून गाडी पुढच्या शहरात नेली जाते. त्यामुळे पदकाची आशा संपते, प्रवास संपत नाही.

काही रॅलींमध्ये तर पोहोचणं हाच विजय. इंग्लंडमधल्या लंडन ते ब्रायटन फेरीत १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश असतो. अंतर साधारण ६० मैल, सरासरी वेग ताशी २० मैलांच्या वर न्यायचा नाही, आणि दुपारी साडेचारच्या आत पोहोचणाऱ्याला पदक. ही फेरी ज्या १८९६ च्या प्रवासाची आठवण म्हणून निघते, त्यात ३३ गाड्या निघाल्या आणि १७ पोहोचल्या, असं सांगितलं जातं. म्हणजे निम्म्या गाड्या बंद पडणं ही परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे.

भारतात काय नियम आहेत?

दिल्लीतली 'स्टेट्समन'ची व्हिंटेज रॅली १९६४ पासूनची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसलेली दुचाकी-चारचाकी यात बसते. नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये.

मुख्य अट अशी की या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती चालवता येते. याचा एक परिणाम लक्षात घ्या. वर्षातले बहुतेक दिवस उभी राहिलेली गाडी रॅलीच्या दिवशी अचानक पळवली, तर वर सांगितलेले बिघाड हमखास डोकं वर काढतात. पेट्रोल शिळं होतं, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टायर आतून चिरतात. टायरची नक्षी कोरी दिसली तरी त्याचं वय बघा. रॅलीच्या आधी दोन-तीन आठवडे गाडी थोडी थोडी चालवून बघणं, हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर

निघण्याआधी पेट्रोलचे पाइप, ब्रेक ऑइल, टायरचं वय, फॅन बेल्ट आणि चाकांचे बेअरिंग तपासा. सोबत पॉइंट, कंडेन्सर, प्लग, बेल्ट, फिल्टर, तार, दोर आणि अग्निशामक ठेवा. गाडी गरम झाली, पेट्रोल अडलं, ठिणगी गेली किंवा पाटा तुटला तर दुरुस्त करा, जुगाड करा, पुढे जा. ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायरबद्दल शंका आली तर घड्याळ विसरा आणि थांबा.

कारण रॅलीत गेलेली दहा मिनिटं म्हणजे फक्त दंडाचे गुण असतात. ती परत मिळवण्याच्या नादात जे जाऊ शकतं, त्याची भरपाई कुठल्याच गुणपत्रकात होत नाही.